नऊ वाजता कुठे मासळी उरते का?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. ‘मच्छीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. वास येतो.’ खाली अंगठ्यांची रांग. सतरापर्यंत मोजले आणि फोन पालथा घातला.

आमची मासळीवाली मावशी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. मी चौथीत असल्यापासून येते. खारकर आळीत तेव्हा आमची चाळ होती, तिच्याच जागेवर हा टॉवर उभा आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाटी टेकवायची आणि हाक मारायची, “काय गो बाय, मांदेली हाय!” आई हिशेब कॅलेंडरवर लिहायची, पगार झाला की मिटवायची.

मग वागळे इस्टेटमधली बाबांची कंपनी बंद पडली. आईने मासळी बंद केली, कारण सांगितलं उपासाचं. मावशीने एक शब्द विचारला नाही. दर बुधवारी तिसऱ्या पायरीवर केळीच्या पानात एक वाटा ठेवलेला. “उरलंय गो, टाकू का आता?” सकाळी नऊ वाजता! त्या महिन्यांत कॅलेंडरवर एक आकडा नाही.

बरं, वास येतो. बंद लिफ्टमध्ये जास्तच येतो, मान्य. पण ॲपवरून मागवलेली सुरमई थर्माकोलच्या खोक्यात बसून त्याच लिफ्टने अकराव्या मजल्यावर जाते, तेव्हा कोणाचं नाक दुखत नाही. खोकं चालतं, पाटीवाली बाई चालत नाही. सरळ तसं लिहा ना मग ग्रुपवर!

आणि हेच लोक १६ एप्रिलला स्टेटस ठेवणार. १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, देशातली पहिली प्रवासी गाडी, आमचं ठाणं! अरे, ती गाडी ज्या ठाण्यात आली ते खाडीवरच्या बंदराचं गाव होतं. आजही रुळांच्या पूर्वेला चेंदणी कोळीवाडा आहे आणि पश्चिमेलाही. स्टेशनात शिरताना मान वळवून कोण बघतं? खाडीचं आपण काय करून ठेवलंय ते तर पुलावरून जाताना नाकालाच कळतं. त्या वासाची तक्रार ग्रुपवर कधी आली नाही. मावशीला आता मासळीसाठी पहाटे भाऊच्या धक्क्याला जावं लागतं. सत्तरी उलटली तिची.

कमिटीतले लोक वाईट नाहीत. माझ्या आईला रात्री दोन वाजता हॉस्पिटलात यांनीच नेलं होतं. म्हणून तर जास्त लागलं.

ग्रुपवर उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. तेवढ्यात वॉचमनचा इंटरकॉम, मावशी गेटवर थांबलीय. लिफ्टने नाही, जिन्याने उतरले. नऊ मजले. ती गेटच्या कट्ट्यावर पाटी टेकवून बसली होती. मेसेजचं तिला कळलं असणार, वॉचमनने सांगितलंच असेल. पाकीट काढलं तर माझा हात बाजूला सारला.

“ऱ्हाऊ दे पोरी. उरलंय.”

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.