तुकड्या दरवर्षी कशाला मोडता?

दर जूनमध्ये शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी पडते, यंदा कोण कुठल्या तुकडीत. ग्रुप पेटतो. मग ठरलेलं उत्तर येतं, "मुलांना सगळ्यांशी जुळवून घेता आलं पाहिजे." बरोबर आहे, जुळवूनही घेतात बिचारी. तरी मला हे पटत नाही.

आपला नंबर येईपर्यंत थांबणं, राग आला तरी हात आवरणं, चुकलेलं गणित पुन्हा करायला घेणं, या सगळ्याला आपण 'स्वभाव' किंवा 'घरचं वळण' म्हणून मोकळे होतो, पण समोरची माणसं ओळखीची, भरवशाची आहेत का यावरही ते ठरतं. मार्शमेलोचा (मऊ, गोड खाऊ) प्रयोग पालकसभेत हमखास ऐकवतात: आत्ता एक खा, नाहीतर थांब आणि दोन घे. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यापुढचा प्रयोग मात्र कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ लहान मुलांना आधी वापरलेले खडू दिले आणि "थांब, छान सामान आणते" म्हणून सांगितलं. निम्म्यांना खरंच आणून दिलं, उरलेल्यांना "सॉरी, नाहीये". स्टिकर्सच्या वेळी पुन्हा तेच. मग मार्शमेलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३. मुलं थोडी होती हे मान्य, पण फरक चौपट आहे! आणि त्या दुसऱ्या मुलांचं तरी काय चुकलं? ज्या बाईंनी दोनदा तोंडाला पानं पुसली, त्यांच्यासाठी कोण थांबेल?

आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी लगोरी चालते. एक पोरगा भयंकर तापट. आऊट झाला की बॉल गेटबाहेर. परवा तसाच उचलला, तेवढ्यात त्याचा रोजचा भिडू ओरडला, "ए, रडीचा डाव नको हां!" हा थांबला, गाड्यांभोवती एक चक्कर मारली, येऊन गुपचूप बॉल दिला. वर "लागलाच नव्हता" हा वाद घातलाच, अगदी मुद्देसूद, कोण कुठे उभं होतं त्यासकट. हाच मुलगा सुट्टीतल्या शिबिरात अनोळखी पोरांत पहिल्याच दिवशी मारामारी करून आला.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की (मृत्यू १९३४) म्हणायचा की मुलाचं विचार करणं आधी माणसामाणसांत घडतं, मग मनात उतरतं. ते पार्किंगमध्ये फुकटात बघायला मिळतं.

म्हणून म्हणते, निदान चौथीपर्यंत तुकडी आणि जमल्यास वर्गशिक्षिकाही तीच ठेवा. कुठल्या पोराला कधी एकटं सोडायचं आणि कधी जवळ बसवायचं हे बाईंना कळेपर्यंत दिवाळी येते, आणि जूनमध्ये पुन्हा पाटी कोरी. बाई कडक आणि एकतर्फी असतील तर दोन वर्षं त्याच नकोत, हा आक्षेप खरा आहे, तिथे बदल हवाच. दंगेखोर जोडी फोडायची तर खुशाल फोडा. फक्त ती यादी मुलांना ओळखणाऱ्या बाईंनी करावी. गुणांच्या उतरंडीने 'समतोल' साधणाऱ्या ऑफिसने नको.

इथे शिक्षक मंडळी बरीच आहेत. तुमच्याकडे तुकड्या कशा पाडतात, सांगा जरा.