तोफ, पाणबुडी आन् आमच्या गावचं आरओ

काल सांजच्याले लाइन गेली होती, घरात पंखा नाही म्हणून सगळे पानठेल्यापाशीच बसून. कापसाच्या भावाचं रोजचं रडगाणं झालं आणि पिंट्यानं मोबाईल काढला. कोणत्या सरकारनं किती विमानं आणली याची रील, खाली ढॅणढॅण म्युझिक. गुरुजीच्या नाकापुढं धरून म्हणे, "पाहा गुरुजी, तुमच्या टायमाले काय होतं?"

गुरुजी पक्के जुन्या वळणाचे. "अबे, १२६ राफेल विमानं घ्याचे ठरले होते, आले ३६. हे नाई सांगत तुई रील? ५९ हजार कोटीच्या आसपास गेले त्याच्यात."

"कोर्टानं चौकशी नाकारली ना २०१८ ले! आन् २०१९ ले लोकाइनं ३०३ सीटा देल्ल्या. झालं की मंग."

"सीटा भेटल्या म्हणजे हिशेब झाला काय बे? मंग ते नागपूरले मिहानमधी विमानाच्या पार्टचं कारखानं उभं झालं, आपल्या गावचे किती पोट्टे लागले तिथं, हे पाय आधी."

इथं मीच मधात पडलो, कारण हे दोघं सुरू झाले की रात्र होते. म्हटलं बोफोर्सचं पाहा ना. १९८६ ले ४१० तोफांचा सौदा, पुढच्याच वर्षी स्वीडनच्या रेडिओनं दलालीची बातमी फोडली, ६४ कोटीचा आकडा पोराटोराच्या तोंडी, आणि ८४ ले ४०० च्या वर गेलेली काँग्रेस ८९ ले १९७ वर आली. गुरुजी तेव्हा नवीनच नोकरीला लागलेले, "गली गली में शोर है" त्यांनी कानानं ऐकलेलं. मंग पुढं काय झालं तर २००४-०५ ले दिल्ली हायकोर्टात आरोप टिकले नाहीत, आणि कोर्टानंच म्हटलं का या केसपायी तिजोरीतले अंदाजे २५० कोटी गेले. ६४ शोधाले २५०! पिंट्या हासला, म्हणे आपल्याकडं एवढ्यात तर तालुक्याचे रस्ते झाले असते. (झाले नसते, पण असो.)

फौजीभाऊ तोवर खर्रा घोटत होता. तोफखान्यातून रिटायर झालेला, १९९९ ले द्रासकडं होता. तो बोलला की आमच्याकडं कोणी मधात तोंड घालत नाही, कारण बाकी सगळे रीलवाले आहेत आणि तो तिथं बसलेला माणूस.

"ज्या तोफीले दहा वर्सं शिव्या देल्ल्या ना, कारगिलमधी तिनंच काम केलं. पैसे खाल्ले असतील, नसतील, मले का माईत? तोफ चांगली होती एवढं माईत हाय. पर त्या भेवापायी पुढं कोणी सहीच करे ना. एका कंपनीचं नाव आलं, टाका काळ्या यादीत. दुसरीचं आलं, टाका. नव्या मोठ्या तोफीवर सही व्हायले २०१६-१७ उजाडलं, अमेरिकेच्या १४५ आन् ते कोरियावाली वज्र. आन् बोफोर्सनं देल्लेले नकाशे आपल्याच कपाटात पडून होते इतके वर्सं! त्याच्यावरूनच मंग जबलपूरवाल्याइनं धनुष बनवली."

मी म्हटलं पाणबुडीचं तर त्याहून भारी आहे. व्हीआयपी लोकांसाठी १२ हेलिकॉप्टर घेत होते, ३६०० कोटीचा सौदा, लाचेचं प्रकरण निघालं, २०१४ ले रद्द. बरोबरच केलं म्हणा. पण त्याच ग्रुपची एक कंपनी पाणबुडीचे टॉर्पेडो (पाण्याखालून सोडायचे बॉम्ब) देणार होती, तेही गेले. म्हणजे २०१७ ले मुंबईत कलवरी पाणबुडी नौदलात आली ती नव्या टॉर्पेडोशिवाय, जुन्यावरच भागवा. मंत्र्याची गाडी रद्द झाली आणि बैल उपाशी राहिला.

"म्हणजे आमचं गावचं आरओच की," पिंट्या बोलून गेला आणि सगळे गप. कारण पाणी गाळायच्या त्या आरओ मशीनच्या बिलात गडबड आहे म्हणून तक्रार करणारे गुरुजीच. चौकशी लागली, खोलीले कुलूप लागलं, दोन वर्सं झाली. ज्यानं खाल्लं तो बुलेटवर फिरते आणि बाया बोअरचं खारं पाणी भरतात.

गुरुजी तापले. "मंग तक्रार करू नाई म्हणता का तुमी? खाऊ द्याचं?"

"करा ना," फौजी म्हणे, "म्या कधी नाई म्हटलं? पर मशीन चालू ठेवून करा. ज्यानं खाल्लं त्याले धरा, मशीनले कायले कैद करता?"

"मशीन चालू ठेवली का बिल निघते. बिल निघालं का मंग कोण पुसते बे? फौजेत तुमाले ऑर्डर देली का काम होते, इकडं कुलूप लावल्याबिगर साहेब उठून उभा नाई राहत."

यावर फौजीजवळही उत्तर नव्हतं, आणि खरं सांगू तर माझ्याजवळही नाही. मले फौजीचं पटते, पण गुरुजीनं चाळीस वर्सं ऑफिसचे उंबरे झिजवले हेही खरं. आमच्यासाठी ही काही दिल्लीचीच गोष्ट नाही, पुलगावचा दारूगोळा डेपो इथून जवळच, २०१६ च्या मे महिन्यात तिथं आग लागली तेव्हा अर्ध्या रात्री गाव जागं झालं होतं. भंडाऱ्याले, भद्रावतीले दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या, घरोघरचं कोणी ना कोणी तिथं जाते. सौदा कोणी केला, दलाली कोणी खाल्ली यावर टीव्हीवाले महिनाभर भांडतात, माल टायमावर आला का हे मात्र कोणीच पुसत नाही.

तेवढ्यात लाइन आली. पिंट्या चार्जर शोधाले पळाला. गुरुजी उठता उठता म्हणाले, "उद्या तहसीलले जातो, येतं का फौजी?"

फौजीनं खर्रा तोंडात टाकला, सायकलले कॅन अडकवली अन् म्हणे, "येतो. आधी पाणी भरून घेऊ द्या."