बाळ दिसलं की तोंड उघडा

तुमचं मूल एव्हाना चार-पाच वर्षांचं झालं असेल, रात्री सलग झोपत असेल आणि निम्मं अंगावर सांडत का होईना, पण आपल्या हाताने जेवत असेल, तर अभिनंदन. तुम्ही तज्ज्ञ झालात. या पदासाठी परीक्षा नाही, मुलाखत नाही. एकच अट आहे. ते मूल सहा आठवड्यांचं असताना पहाटे तीन वाजता तुमचं तोंड कसं दिसत होतं, हे साफ विसरलेलं असावं. तेवढं जमलं की कामाला लागा. आसपास कुणाकडे ना कुणाकडे नवं बाळ आलेलंच असतं.

जागा नीट निवडा. बाग वाईट नाही, पण बागेत समोरचा माणूस उठून जाऊ शकतो. जिना बरा. सगळ्यांत उत्तम म्हणजे लिफ्ट. आईच्या एका खांद्यावर बाळ, दुसऱ्यावर पिशवी, बाळाने नुकतीच केलेली उलटी तिच्या पाठीवरून ओघळतेय आणि दार बंद झालंय. अशा वेळी शांतपणे म्हणावं, “बारीक दिसतंय नाही का गं?” हा प्रश्न आहे असं तिला वाटेल. उत्तर देऊ देऊ नका. खरे प्रश्न, म्हणजे “जेवलीस का?”, “काल झोप झाली का?” असले, आपल्या धंद्यात वर्ज्य आहेत. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, आणि ऐकलं की काहीतरी करावं लागतं.

वजनावरून आठवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीचे आलेख काढले. भारतासह सहा देशांतली निरोगी मुलं मोजून काढले. त्यात एक मधली रेघ असते. मधली आहे, म्हणजे निम्मी धडधाकट मुलं तिच्या खाली असणारच, त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. दवाखान्यात बघतात ते वेगळंच, मूल आपापल्या रेघेने वर सरकतंय की नाही ते. हे गणित आईबापांच्या कानावर जाता कामा नये. माझ्या ओळखीत तरी आपलं मूल त्या रेघेच्या खाली आहे, असं आजवर कुणी कबूल केलेलं नाही. उरलेली निम्मी मुलं कुठे राहतात, देव जाणे.

चालण्याचंही तसंच. त्याच अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागली ती साधारण आठव्या महिन्यापासून ते पार सतरा-साडेसतराव्या महिन्यापर्यंत. तुम्ही मात्र “आमचा नवव्यात चालला” एवढंच म्हणायचं आणि समोरच्या चौदा महिन्यांच्या रांगणाऱ्या मुलाकडे बघून हलकेच सुस्कारा टाकायचा. घाई करा. मूल पाच वर्षांचं झालं की कोण आधी चाललं होतं हे कुत्रंही विचारत नाही. माल नाशवंत आहे.

आता रडणं. नवशिक्या सल्लागाराने सुरुवात इथूनच करावी, कारण इथे अपयश येतच नाही. तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आगेमागे कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत बहुतेकांचं आपसूक ओसरतं. कुणी काही करो वा न करो. म्हणून सल्ला सहाव्या आठवड्यात द्यावा. काय द्यावा याला महत्त्व नाही. पाळण्याची दिशा बदला म्हणावं, पडदे बदला म्हणावं, बापाला मिशी काढायला सांगावं. चौथ्या महिन्यात जाऊन विचारावं, “काय, पडला ना फरक?” पडलेला असतोच! मी पडद्यांच्या जोरावर तीन घरांत नाव कमावलंय.

सहाव्या महिन्याच्या सुमारास दात सुरू होतात आणि तिथून पुढे सल्लागाराला मरण नाही. दुधाचे दात २०, ते पुरे यायला अडीच-तीन वर्षांचं वय उजाडतं, म्हणजे मधल्या काळात कधीही बघा, एखादा दात वाटेवर असतोच. चिडचिड? दात. खात नाही? दात. बाप घरी उशिरा येतो? तेही दातच असेल. ताप आला तरी तोंडावर दातच यायला हवा, पण इथे जरा जपून. चांगला सणसणीत ताप दातांनी येत नाही, असं डॉक्टर सांगत आले आहेत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर थांबू नका, दवाखाना गाठा, असंही बजावतात. प्रकरण अशा वळणावर आलं की आपण दोन पावलं मागे सरून म्हणायचं, “मी आपलं सांगितलं हो, बाकी तुम्ही बघा.” हे वाक्य पाठच करून ठेवा. आपली सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

कुणी पुस्तकी आई उलट बोललीच, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यात बोट्युलिझम नावाच्या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात वगैरे, तर डगमगू नका. ब्रह्मास्त्र काढा : “आम्ही नाही का वाढलो?” या प्रश्नाला आजवर कुणी “नाही” म्हटलेलं नाही. ज्यांनी म्हणायला हवं होतं, ते म्हणायला उरले नाहीत. दुसरं अस्त्र म्हणजे “डॉक्टर काय, आज एक सांगतात, उद्या एक.” यात तथ्यही आहे, म्हणून ते जास्त लागतं. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षं डॉक्टरच बाळाला पालथं झोपवा म्हणत होते. मग झोपेतले अचानक मृत्यू आणि पालथं झोपणं यांचा संबंध दिसला, १९९० च्या दशकात उताणं झोपवण्याच्या मोहिमा निघाल्या आणि ते मृत्यू पुष्कळ घटले. चूक कळली, त्यांनी सुधारली. आपल्याला असला कमीपणा कधी घ्यावा लागला नाही.

सल्ल्यांत सुसंगती शोधत बसू नका. बाळाला उचललं तर “हाताची सवय लावतेस”, नाही उचललं तर “कसलं गं काळीज तुझं”. दोन्ही एकाच संध्याकाळी म्हणता येतात, फक्त मधे एखादा मजला जाऊ द्यावा. बापाशी मात्र वेगळं वागायचं. त्याने एक डायपर बदलला की “किती करतो हो तुमचा माणूस” असं बाळाच्या आईला सांगायचं, आणि तिने त्याच दिवशी बदललेल्या सात डायपरांबद्दल मौन पाळायचं. तो मूल सांभाळतो. ती घरीच असते.

हे सगळं चोख चाललेलं असताना आपल्या व्यवसायाला खरा धोका डॉक्टरांकडून नाही. धोका आहे तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंसारख्या माणसांकडून. माझी मोठी दीड महिन्याची होती तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या रात्रीचं जागरण संपून सकाळ झाली होती आणि मी जिन्यात बसून रडत होते. ती पाळण्यात, मी पायरीवर, सूर एकच. काकू भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या. थांबल्या. पिशवी पायरीवर ठेवली, आत जाऊन पोरीला उचललं आणि मला म्हणाल्या, “जा, नीज.” दोन तासांनी उठले तर पोर त्यांच्या मांडीवर टक्क जागी होती, रडून रडून लाल झालेली. म्हणजे काकूंना शांत करायलाही आलं नव्हतं! पडद्यांबद्दल अवाक्षर नाही, दातांबद्दल नाही, आमच्या वेळी असं नि तसं काही नाही. ओट्यावरची भांडी तेवढी घासलेली होती. जाताना म्हणाल्या, “उद्या याच वेळेला येते.” आणि खरंच आल्या. पुढे महिनाभर येत राहिल्या.

आता सांगा, कसब काय यात? दोन हात आणि रिकामा वेळ, एवढ्या भांडवलावर कुणीही हे करेल. असं सगळे करायला लागले तर आम्ही अनुभवी माणसांनी जायचं कुठे?

हे लिहीत होते तेवढ्यात बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरची नवी मुलगी दारात. केस विंचरलेले नाहीत, झग्याची बटणं वरखाली लागलेली, बाळ छातीशी. सहावा आठवडा असावा, आवाजावरून ओळखते मी. म्हणाली, “ताई, तासभर धराल का हिला?”

मी चष्मा सावरला, बाळाकडे नीट बघितलं आणि म्हटलं, “आधी तुझी धरायची पद्धत चुकतेय बघ.”