रूम टेंपरेचर

केकच्या कुठल्याही रेसिपीत पहिल्या दोन-तीन ओळींतच एक वाक्य असतं, बटर रूम टेंपरेचरला आणून घ्या. कुणाच्या रूमच्या, ते काय कुणी लिहीत नाही. व्हिडिओतल्या बाईंच्या मागं पांढरंशुभ्र किचन, खिडकीत कुंडी, बाई फुल बाह्यांचा स्वेटर घालून बटर फेटायल्या, तिथं असेल बापा वीस-एकवीस डिग्री. मी राहतो लातुरात, आणि केक करायची हौस मला आली मे महिन्यात.

हौस यायचं कारण म्हणजे सुट्टी. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, एकोणीस वर्षं झाली, आणि लातुरात केमिस्ट्री शिकवणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही, इथं पानटपरीवाला पण चुना लावता लावता नीटचा कटऑफ सांगतो. तर वर्षभर पोरांच्या मागं लागून डोकं आंबलेलं, त्यात लेकीचा वाढदिवस २४ मेला, तर म्हणलं यंदा केक घरी करू. शेवटी बेकिंग म्हणजे काय, केमिस्ट्रीच की. हे वाक्य मी घरात मोठ्यानं बोललो ही माझी पहिली चूक. पुढचा महिनाभर काहीही बिघडलं की बायको शांतपणे म्हणायची, "अहो, केमिस्ट्रीच की."

ओटीजी आणला, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी, सहा महिन्यांच्या हप्त्यावर. खोकं उघडलं तर त्याची पिन जाड, १६ अँपिअरची, आणि आमच्या किचनमधले सगळे बोर्ड ६ अँपिअरचे. घरात जाड पिनीची सॉकेटं दोनच. एक बाथरूममधे गिझरचं, आणि दुसरं बेडरूममधे, घर बांधतानी "पुढंमागं एसी घेऊ" म्हणून काढून ठेवलेलं. एसी अजून यायचाय. तर ओटीजी बसला बेडरूममधे, गोदरेजच्या कपाटाशेजारी स्टुलावर, आणि त्याच खोलीत कूलर, आणि त्या कूलरसमोर दुपारची माझी आई झोपते. म्हणजे बाहेर ४१, आत आई, आणि आईच्या डोक्यापासून चार फुटांवर १८० डिग्री.

"माय गंऽ," आई म्हणाली, "उन्हाळ्याचं घरात भट्टी पेटवणारा तूच पहिला बघ."

आई माळकरी आहे, त्यामुळं घरात अंडं नाही. बिनअंड्याचा केक अवघड असतो हे मला नंतर कळलं. अंडं केकला नुसतं फुगवत नाही, फुगलेलं धरून पण ठेवतं. ते नाही म्हणल्यावर सगळी भिस्त दही, कंडेन्स्ड मिल्क आणि बेकिंग पावडरवर. बेकिंग पावडर आणायला गेलो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्यानं एक पुडी दिली. मी म्हणलं, "अरे हा खायचा सोडा आहे, मला पावडर पाहिजे." तर तो म्हणाला, "सर, तेच ते. सगळे हेच नेतेत."

आता सोडा म्हणजे नुसतं सोडियम बायकार्बोनेट, त्याला आंबट काहीतरी लागतं तेव्हा गॅस सुटतो, आणि पावडरीत ते आंबट आधीच घातलेलं असतं, शिवाय सोडा पावडरीच्या साधारण तिप्पट तेज. हे मी दरवर्षी बोर्डावर खडू मोडेपर्यंत सांगतो. ह्याच पोराला पण सांगितलेलं. पण उन्हाचा तडाखा, मागं दोन गिऱ्हाईकं उभी, आणि तो इतक्या ठामपणे "तेच ते" म्हणाला की मी घेऊन आलो. वरून पावडरीचं जे माप ते सोड्याला लावलं, आणि घरातलं दही आईनं कढीत घालून टाकलेलं म्हणून दह्याऐवजी दूध घातलं. केक झाला. लालसर तपकिरी, दिसायला बरा. बायकोनं एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ छताकडं बघितलं, आणि म्हणाली, "निरमा घातला का?" आंबट न मिळालेला सोडा तापून त्याचा धुण्याचा सोडा होतो, हे पण अकरावीच्या पुस्तकात आहे. असो.

पण खरा छळ बटरनं केला.

केकला आधी बटर आणि साखर फेटायची असते, आणि ती कशाला तर साखरेचे बारीक कण बटरमधे घुसून हवेची भोकं पाडतात, तीच भोकं पुढं गॅसनं फुगतात आणि केक हलका होतो. त्यासाठी बटर कसं पाहिजे, तर बोट दाबलं की खड्डा पडावा पण बोट चिकट होऊ नये असं. कडक असलं तर हवा शिरत नाही, वितळलं तर धरत नाही. मी सकाळी अकराला प्रॅक्टिकलचा जुना थर्मामीटर किचनच्या भिंतीला टांगला. साडेसदतीस. माणसाच्या अंगात इतकं असलं तर आपण म्हणतो बारीक ताप आहे, गोळी दे. बटर वितळायला बत्तीस-पस्तीस पुरतं. म्हणजे आमच्या रूम टेंपरेचरला बटर हा पदार्थच नाही, ते पिवळं तेल आहे, वर पांढरा फेस.

मग फ्रीजमधे ठेवलं. बाहेर काढलं तर दगड. ओट्यावर ठेवून चहा घ्यायला गेलो, परत आलो तर तेल. घड्याळ लावून बघितलं मी, सुट्टीच होती. दगड ते तेल साडेसात मिनिटं, आणि त्यातली कामाची मिनिटं धरा दीड. त्या दीड मिनिटात आपण ओट्यापाशी पाहिजे, हँडमिक्सर हातात पाहिजे आणि लाईट पाहिजे. ही तिन्ही एकदम मे महिन्यात जमली तर ते गुरुपुष्यामृत.

तेलात केलेला तो केक भाजून आला तेव्हा खालून अर्धा इंच ओला आणि वरनं टणक. आईनं तो हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं. म्हणाली, "रोडगा म्हणून चांगला झालाय. वरण कर."

लोकांना वाटेल मी आईची चेष्टा करायलोय. नाही हो. पानगे-रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजून मोठी झालेली बाई ती, निखाऱ्यावर हात धरून सांगायची की आता टाका. तिला हा डायल फिरवायचा प्रकार पटतच नव्हता. तिला काळजी एकच, की करपेल. म्हणून दर पाच मिनिटांनी ओटीजीचं दार उघडून ती आत बघायची. मी सांगितलं, आई, पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, आतली हवा गार झाली की केक बसतो, त्याचा सांगाडा अजून तयार झालेला नसतो. म्हणाली, "मी कुठं उघडलं, नुसतं किलकिलं केलं."

शेवटी जो केक नीट फुगला, काचेतून मी स्वतः बघितला, कडेनं वर येऊन मधे घुमट झालेला, त्या दिवशी अठराव्या मिनिटाला लाईट गेली. इन्व्हर्टर आहे पण तो दोन पंखे आणि टीव्हीचा, ओटीजी सोळाशे वॅटचा. अंधारात काचेला मोबाईलची बॅटरी लावून आम्ही चौघं बघत बसलो. घुमट आधी सपाट झाला. मग वाटी झाली. लेक म्हणाली, "पप्पा, त्याच्यात आता आइस्क्रीम बसंल."

भांड्यांचं तर सांगूच नका. एका केकला घमेलं, चाळणी, दोन वाट्या, तीन चमचे, मिक्सरच्या काड्या, डबा, जाळी, मोजायचे कप. आणि सगळं तुपकट. २०१६ ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या गावात तुपकट भांडी दोनदा धुणं म्हणजे पाप आहे हे आमच्या घरात अजून सगळ्यांना वाटतं. बायकोनं नियमच केला, नळ येईल त्याच दिवशी केक. आणि नळ कधी येईल ते कुणाला माहीत.

पण नळामुळंच मला रस्ता सापडला. पाणी आलं म्हणून पहाटे पाचला उठलो, टाकी लावली, सहज थर्मामीटर बघितला तर सत्तावीस. ओट्यावर बटर ठेवलं. दहा मिनिटांनी बोट दाबलं, खड्डा पडला! मी अंधारातच हँडमिक्सर लावला. समोरच्या काकू गॅलरीत आल्या, "सर, काय करलालाव पहाटंपहाटं? कुणी आजारी हाय का, ज्यूस काढलालाव?"

म्हणलं नाही काकू, हवा भरलालो. त्यांनी आत जाऊन काकांना काय सांगितलं असेल कोण जाणे, दोन दिवस काका माझ्याकडं जरा दबकून बघत होते.

तर २४ तारखेच्या पहाटे केक झाला. खरंच झाला. टूथपिक घातली, कोरडी निघाली. हलका, जाळी पडलेला. मी पेपर काढून जाळीवर ठेवला आणि कॉलेजात निकाल लागल्यावर उभा राहतो तसा उभा राहिलो. आता इथंच थांबायला पाहिजे होतं. वर नुसती पिठीसाखर भुरभुरवली असती तरी चाललं असतं. पण लेकीला पाहिजे होता क्रीमचा, त्यावर गुलाबी अक्षरं.

साधी डब्यातली क्रीम फेटली जात नाही, तिच्यात फॅट २५ टक्के, फेटायला तीसच्या वर पाहिजे, हा धडा मी आधीच एक डबा वाया घालवून शिकलो होतो. केकवाल्यांची व्हिपिंग क्रीम मिळते ती गोठलेली, आणि दुकान गंजगोलाईच्या पलीकडं. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. ज्यांनी तो आराखडा केला त्यांना नमस्कारच, पण लग्नसराईत दुपारी बाराला, डिक्कीत वितळायलेली क्रीम घेऊन त्या सोळातला आपला रस्ता शोधा एकदा. मी आंबाबाईच्या देवळाला स्कूटीवर दीड प्रदक्षिणा घातली. घरी येईपर्यंत पाकिटातनं पाणी हलल्यासारखा आवाज.

परत फ्रीज, परत घट्ट, खाली बर्फाची परात, वर पातेलं, मिक्सर चालू. क्रीम फुगायला लागली, रेषा उमटायला लागल्या आणि लाईट गेली. संध्याकाळचे सव्वापाच. सहाला पोरं येणार. मी चमच्यानं फेटायला लागलो. आई बघत होती. उठली, फडताळातनं ताकाची रवी काढली, स्वच्छ पुसली, खाली बसून पातेलं पायात धरलं. "सरक."

आणि काय सांगू, दोन्ही तळव्यात रवी घुमवत तिनं ती क्रीम उभी केली. बर्फात, बिनलाईटची, आठ-दहा मिनिटांत. "लोणी येऊ द्यायचं नाही ना?" एवढंच विचारलं मधी एकदा.

केकवर क्रीम लावली. अक्षरं मी काढली, बोर्डावर समीकरणं लिहायचा हात आहे, सरळ आली. साडेसहा वाजता लाईट नाही, पंखा नाही, हॉलमधे चौदा पोरं आणि अकरा मेणबत्त्या. मी "जरा थांबा, फोटो" म्हणालो ही दुसरी चूक. मोबाईलमधनं बघतोय तर गुलाबी ओळ हळूहळू पुढं यायली. आधी वाटलं माझाच हात हलतोय. "हॅपी" जाग्यावर होतं. "बर्थ" कडेला आलं. "डे" शांतपणे उतरलं आणि ताटात जाऊन बसलं. लेकीनं सुरी घेतली, फुंकर मारली, तेव्हा केकवर एवढंच उरलेलं, हॅपी. बाकीचं पोरांनी चमच्यानं खाल्लं. केक मात्र पाच मिनिटात संपला, हे लिहून ठेवतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, नानकटाई करून आण, भावाकडं द्यायची. दरवर्षीसारखं मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घेऊन, पत्र्याचा डबा स्कूटीला बांधून भट्टीवर गेलो. भट्टीवाले चाचा मला लहानपणापासून ओळखतेत. म्हणाले, "क्या सर, घरमेच भट्टी डाल लिये बोलके सुन्या मैं."

म्हणलं डाली चाचा, लेकिन गरमी में कुछ जमता नहीं. त्यांनी माझी पिशवी उघडली, तुपात बोट घातलं, माझ्याकडं बघितलं आणि पिशवी परत माझ्या हातात दिली. "घी पूरा पिघल गया सर. ऐसेमें डाले तो नानकटाई फैल जाती. सुबे लाव. फजर के बाद."

एकोणीस वर्षं केमिस्ट्री आणि एक थर्मामीटर लागला मला ज्या वेळेला पोचायला, त्या वेळेला चाचा रोजच भट्टीवर असतेत.

ओटीजी अजून बेडरूममधेच आहे, हप्ते चार राहिलेत. परवा दुपारी कॉलेजातनं आलो तर घरभर खमंग वास. ओटीजीचा लाल दिवा चालू, समोर स्टूल टाकून आई बसलेली, आत ताटलीभर भुईमुगाच्या शेंगा. चटणीला. मी म्हणलं बघू, आणि दाराला हात घातला.

"ये! उघडू नको," आई ओरडली. "अजून धा मिनिटं हायेत. हवा जाती आतली."