‘रॉमध्ये काढा आणि विसरून जा’: एका वाशीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार वाशीकर,

नाव न लिहिता तुम्ही ‘एक वाशीकर’ एवढीच सही केलीत, म्हणून संबोधनही तेच ठेवतो. जे वाचक थेट या उत्तरावर आलेत, त्यांच्यासाठी, कॅमेऱ्याच्या सेटिंग्जवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेचा गोषवारा असा: कॉन्ट्रास्ट (उजळ-काळोख्या भागांतला फरक) आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार फोटोतले रंग जुळवणं) यांची सेटिंग्ज शिकवत बसणं म्हणजे नवख्यांचा वेळ खाणं. रॉ फाइल काढली की दोन्ही गोष्टी घरी कॉम्प्युटरवर हव्या तशा लावता येतात. आजकालचा ऑटो बहुतेक वेळा बरोबरच असतो. ग्रे कार्डाचा, म्हणजे व्हाइट बॅलन्स जुळवायला धरायच्या राखाडी पुठ्ठ्याचा, आग्रह ही दुकानदारी. कॉन्ट्रास्ट कमी करायला सांगून मी फोटो मेलेले करतो. आणि माझ्या ठाण्याच्या तलावपाळीवरच्या दिवाळीच्या फोटोत पांढरा सदरा पिवळा दिसतोय, म्हणजे मलाच व्हाइट बॅलन्स जमत नाही. हा शेवटचा टोला झकास होता.

रॉबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. रॉ फाइलमध्ये सेन्सरने मोजलेले आकडे असतात आणि व्हाइट बॅलन्स ही त्यांच्यासोबत ठेवलेली नुसती नोंद असते. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या फोटोत, तो रंगांत मुरून जातो, आणि प्रत्येक रंगाच्या वाट्याला २५६ पायऱ्या उरतात. १४ बिटांच्या रॉमध्ये त्याच पायऱ्या १६,३८४ असतात. म्हणून रॉमधला पिवळेपणा घरी निघतो आणि जेपेगमधला काढायला गेलं की चेहरे राखाडी पडतात. इथपर्यंत आपलं एकमत आहे. ‘म्हणून जागेवर काही बघायची गरज नाही’ हे तुमचं पुढचं वाक्य मला मान्य नाही.

रॉ काढताना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तुम्ही काय बघता? रॉ नाही. रॉच्या पोटात दडवलेलं एक छोटं जेपेग बघता. हिस्टोग्राम (चित्रात काळोखं किती, उजळ किती हे दाखवणारा आलेख) त्यावरून निघतो, ‘इथे उजेड उडाला’ म्हणून लुकलुकणारे भागही त्यावरूनच ठरतात. आणि ते जेपेग तुम्ही ‘निरुपयोगी’ ठरवलेल्या सेटिंग्जनीच बनलेलं असतं. ऐरोलीच्या बाजूने सकाळी खाडीत बोटीने गेलात तर हे फार स्पष्ट कळतं. चिखल राखाडी, हवेत धुरकट थर, सगळं चित्र सपाट. मग माणूस पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातलं रंगरूपाचं तयार सेटिंग) भडक करतो, कॉन्ट्रास्ट दोन पायऱ्या चढवतो, पडद्यावर मजा येते. त्यात मोठे रोहित, म्हणजे ग्रेटर फ्लेमिंगो, अंगाने जवळपास पांढरेच असतात. चढवलेल्या कॉन्ट्रास्टमुळे त्यांची पिसं पडद्यावर लुकलुकायला लागतात, फोटोग्राफर घाबरून एक्सपोजर कमी करतो, आणि रॉमध्ये जागा शिल्लक असूनही फोटो गरजेपेक्षा काळोखा येतो. घरी तो उजळवला की चिखलात रवा सांडल्यासारखे ठिपके. ‘रॉवर कॉन्ट्रास्टचा काहीच परिणाम होत नाही’ म्हणता ना? फाइलवर होत नाही हो, फाइल काढणाऱ्या माणसावर होतो. मी कॉन्ट्रास्ट उणे दोनवर ठेवायला सांगितला होता तो एवढ्यासाठीच. फोटो मेलेला दिसतो हे कबूल, पण तो पडदा त्या वेळी मोजमापासाठी आहे, कौतुकासाठी नाही.

लाल शालूचं प्रकरण याहून अवघड. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो; मंगल कार्यालयातल्या पिवळसर दिव्यांखाली त्यातला लाल रंगाचा चॅनल बाकी दोघांच्या आधी काठोकाठ भरतो. एकत्रित उजेडाचा हिस्टोग्राम मात्र सगळं आलबेल असल्याचं सांगत राहतो. घरी उघडून बघाल तर शालूवर जरीचा एकही बुट्टा ओळखू येत नाही, नुसता लाल पट्टा. तीन रंगांचे हिस्टोग्राम वेगळे दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा. आणि व्हाइट बॅलन्स त्या जागेच्या प्रकाशाला धरून लावलेला असेल, तरच त्या तीन आलेखांवर थोडाफार विश्वास टाकता येतो. बाहेरच्या उन्हाचं ५२०० केल्विन (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळा) तसंच राहिलं असेल तर लाल आलेख उगाच पुढे धावलेला दिसेल.

शिवाय जो प्रकाश तिथे नव्हताच, तो रॉमध्येही नसतो. जुन्या सोडियम दिव्याखाली हिरवी साडी नेसलेल्या बाईंचा फोटो घ्या आणि तुमच्या आवडत्या सॉफ्टवेअरमध्ये हवं ते करा. दिव्याचा रंग साधारण २००० केल्विनच्या आसपास आणि वर्णपटात मोठमोठी भगदाडं. पिवळेपणा ओढून काढला की खाली हिरवा सापडत नाही, मातकट काहीतरी सापडतं. पिवळ्या बल्बखाली असंच निळ्याचं होतं. सेन्सरपर्यंत निळा प्रकाश मुळात थोडा पोचतो, मग सॉफ्टवेअर त्याला गुणून वाढवतं, आणि त्यासोबत त्यातला खरखरीतपणाही वाढतो. यावर औषध जागेवरच असतं: माणसाला चार पावलं सरकवायचं, नाहीतर आपला प्रकाश आणायचा.

आता तुमच्या-आमच्या इथल्या हॉलकडे या. छतात पांढऱ्याफेक एलईडी पट्ट्या, स्टेजवर पिवळे स्पॉट, एका बाजूला उघडा दरवाजा आणि त्यातून येणारं दुपारचं ऊन, वर व्हिडिओवाल्याचा दिवा. फोटो एक, व्हाइट बॅलन्स एक आणि प्रकाश चार जातींचे. नवरदेवाचा एक गाल निळा आणि एक नारिंगी असेल, तर घरी स्लायडर कुठल्या गालासाठी सरकवणार? मास्क लावून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, एकेक गाल दुरुस्त करणारे लोक आहेत, मी त्यांना साष्टांग नमस्कार घालतो. पण मुख्य प्रकाश कोणता मानायचा हे तिथे उभं असताना ठरवलं, तर दरवाजा लोटून घेता येतो, व्हिडिओवाल्या दादांना दिवा फिरवायची विनंती करता येते, फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) चढवून त्याचं ५५०० केल्विन स्टेजच्या दिव्यांच्या जवळ आणता येतं. रात्री बारा वाजता कॉम्प्युटरसमोर यातलं काहीच हातात नसतं.

ऑटोला मी नावं ठेवत नाही. घराबाहेर भटकताना माझाही कॅमेरा ऑटोवरच असतो. त्याची ढोबळ समजूत अशी की चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडीच्या आसपास यावी. हल्लीचे कॅमेरे त्यावर बरीच हुशारी करतात, तरी सगळं दृश्य एकाच रंगाचं असलं की तो फसतो. पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जा: वर हिरवं, खाली हिरवं. ऑटोला वाटतं प्रकाशच हिरवा आहे, तो जांभळट छटा मिसळतो आणि धुऊन निघालेली पानं कोमेजल्यासारखी दिसतात. दुसरा त्रास सलग फोटोंचा. वधूच्या मागून एक पिवळी साडी गेली की पुढच्या फोटोत वधूचा रंग बदलतो. एक आकडा पक्का ठेवला, तर तो चुकलेला असला तरी सगळ्या फोटोंत सारखाच चुकलेला असतो, आणि एक दुरुस्त करून बाकीच्यांना तीच दुरुस्ती लावता येते. हा फायदा तुमच्या रॉलाही आहे.

ग्रे कार्ड दुकानातलंच हवं असा माझा हट्ट नाही, स्वस्तातलं चालतं. मात्र झेरॉक्सचा पांढरा कागद उन्हात वापरू नका. तो शुभ्र दिसावा म्हणून त्यात जी द्रव्यं घातलेली असतात ती अतिनील किरणं घेऊन निळसर प्रकाश टाकतात. कॅमेरा तो निळा मारायला जातो आणि फोटो पिवळट होतो.

सदऱ्याचं बोलू. तो फोटो दिवाळीतल्या संध्याकाळचा आहे, सदरेवाले गृहस्थ पणत्यांच्या रांगेपाशी वाकलेले आहेत. ज्योतीचा प्रकाश २००० केल्विनच्याही थोडा खाली असतो. तिथे सदरा टिनोपाल घातल्यासारखा पांढरा करता येतो, मी करूनही पाहिला. पणत्या ट्यूबलाइटसारख्या दिसायला लागल्या आणि मागचं मासुंदा तलावाचं पाणी शाईसारखं निळं झालं. डोळाही अशा प्रकाशात पूर्ण जुळवून घेत नाही, सदरा आपल्याला तिथे पिवळसरच दिसतो. म्हणून मी तो पिवळा ठेवला, मुद्दाम ठेवला. तुमच्या आवडीला तो नाही पटला तर ठीक, पण पांढरं ते पांढरंच दिसलं पाहिजे हा नियम कपड्यांच्या कॅटलॉगला लावा, दिवाळीला नको.

आणि नवख्यांच्या वेळेचं म्हणाल, तर तो लेख ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्यातल्या अनेकांकडे रॉ उघडायचं सॉफ्टवेअर नाही. काहींकडे कॉम्प्युटरच नाही. मुलीने जुना कॅमेरा दिलाय आणि बारशाचे फोटो संध्याकाळच्या आत घरच्या ग्रुपवर हवेत, अशा काकूंना मी ‘रॉ काढा’ म्हणून काय सांगणार? त्यांचं जेपेग हेच शेवटचं चित्र. त्यांच्यासाठी सेटिंग हेच संपादन.

जाता जाता तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात भाचीची हळद आहे आणि तुम्ही ती ऑटोवरच काढणार. हळदीत ऑटोवर काढू नका एवढं मात्र ऐका. अंगभर हळद, पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा, म्हणजे येऊरचंच सगळं पिवळ्या रंगात. ऑटो ते पिवळं प्रकाशाचं समजून खाऊन टाकेल आणि मुलगी आजारी दिसेल. मांडव गच्चीवर असेल तर छताचं कापड कोणत्या रंगाचं आहे ते आधी विचारून ठेवा. पिवळ्या किंवा गुलाबी कापडातून झिरपणारं ऊन चेहऱ्यांवर तोच रंग टाकतं. त्यामुळे कार्ड बाहेर उन्हात धरून उपयोग नाही, छताखाली, भाची जिथे बसणार त्या पाटापाशी धरा, त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि हळद लागायच्या आधीच घ्या. मग व्हाइट बॅलन्स शिफ्टमध्ये अंबरकडे (पिवळसर-नारिंगीकडे) एक-दोन पायऱ्या सरका, म्हणजे थोडी ऊब परत येते. कार्यक्रम हॉलमध्ये एलईडीखाली असेल तर शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि वेगवान शटरला त्याच हळदीचा रंग एका फोटोत एक आणि पुढच्यात दुसरा येतो. रॉ अवश्य काढा. जमल्यास सोबत जेपेगही चालू ठेवा, कारण ताई त्याच रात्री फोटो मागणार.