म्हणे उन्हात खेळलं की चष्मा लागतो!

शेजारच्या साडेतीन वर्षांच्या मुलीचं अंगणात जाणं परवापासून बंद. कारण एक फिरता मेसेज: बाहेर खेळल्याने डोळे बिघडतात, जंत होतात, हातपाय मोडतात, 'मेंदू वाढायची वर्षं' वाया जातात; त्यापेक्षा खोलीत टॅबवर अक्षरं गिरवून घ्या.

डोळ्यांची थाप तर चक्क उलटी आहे. लहानपणी उणे नंबर लागतो तो बहुतेकदा डोळ्याचा गोळा लांबट होत गेल्याने. भरपूर उजेडात दृष्टिपटलातून डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि ही वाढ आवरते, असं संशोधक मानतात. घरातल्या दिव्याखाली ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड. बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. २०१५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला प्रयोग बघा. चीनमधल्या ग्वांगचौच्या १२ शाळा, पहिलीची मुलं. सहा शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास, मैदानावर. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया, म्हणजे हाच उणे नंबर, झाला, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. फरक जादूचा नाही, आणि लागलेला नंबर याने उतरतही नाही. पण खोलीत कोंडून एवढंही मिळत नाही. टोपी घाला, कडक दुपार टाळा, झालं.

आता अक्षरं. पेन्सिल धरतात बोटं, पण हात स्थिर ठेवतात खांदा आणि मनगट. ते लोंबकळून, चढून, ओली माती मळून तयार होतात. काचेवर बोट फिरवून नव्हे. त्याआधीच लिहायला बसवलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, दोन ओळींत हात दुखतो, मग वही दिसली की पळतं. गणितही मातीतच आहे: आठ वाट्या वाळूत एक वाटी पाणी घातलं तर मूद उभी राहते, चार घातल्या तर ढासळते. मध्ये शिकवायला जाऊ नका. 'आता काय होईल?' एवढंच विचारा.

जंतांचं अर्धं खरं, मान्य. हुकवर्म अनवाणी तळव्यातून शिरतो, गोलकृमीची अंडी मातकट बोटांवरून तोंडात जातात. म्हणून चपला, कापलेली नखं, खाण्याआधी साबणाने २० सेकंद हात धुणं. आणि वाळूचा हौद रात्री झाकायचा, मांजरं तिथेच घाण करतात.

पडतात, हो. खाली फरशी नको, वाळू हवी. आणि ज्या फांदीवर मूल स्वतः चढू शकत नाही तिथे उचलून बसवू नका. तिथून त्याला उतरताही येत नाही.

राहिली मेंदूची वर्षं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली ६० चांगली दमवणारी. स्क्रीन? जास्तीत जास्त एक तास, आणि तोही जितका कमी तितका बरा.