तिसरीतल्या लेकराचे वाचन नेमके कुठे अडते?

वर्गात धडा सुरू असताना सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळणारे लेकरू वाचत आहे अशी आपली समजूत होते, आणि वही सुवाच्य अक्षरांनी भरलेली दिसली की ती समजूत पक्की होते. प्रत्यक्षात धडा ऐकून ऐकून पाठ झालेला असतो आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असते. म्हणून माझा आग्रह असा आहे की, प्रत्येक लेकराला एकेकटे जवळ बसवावे, त्याने पूर्वी न पाहिलेल्या चार ओळी वाचायला द्याव्यात आणि ते कुठे थांबते हे न टोकता ऐकावे. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणात मूल अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी कुठवर पोहोचले आहे हे असेच समोर बसवून पाहतात. त्याला काही मिनिटे लागतात. शिक्षकाला हे करण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

कुठे अडले हे कळले की उपायही बदलतो. काही लेकरांना ‘क’, ‘म’, ‘ळ’ सुटे ओळखता येतात, पण ते जोडून ‘कमळ’ म्हणता येत नाही. काहींचे स्वरचिन्हांशी अडते, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चारायची नंतर असते, तर ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार मात्र ‘य’च्या आधी होतो. अशा लेकराला पुन्हा पहिल्यापासून सगळी बाराखडी घोकायला लावण्यात वेळ जातो आणि अडलेली जागा तशीच राहते. ज्याला अजून अक्षरेच येत नाहीत, त्यालाही संपूर्ण वर्णमाला संपेपर्यंत शब्दांपासून दूर ठेवू नये. न, म, र, क आणि काना एवढ्यावर नाक, कान, मान, रान, मका, मामा, काका इतके शब्द होतात. अर्थ असलेला शब्द आपला आपण वाचता आल्यावर लेकराच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसतो, तो घोकंपट्टीने कधीच येत नाही.

आपल्याकडे अनेक घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. छापील ‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हणणाऱ्या लेकराने शब्द ओळखला, त्याचा अर्थ लावला आणि तो आपल्या बोलीत उच्चारला. हे वाचनच आहे, आणि तिथे त्याला टोकणे मला अन्यायाचे वाटते. तांड्यावर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या लेकराची अडचण आणखी वेगळी असते. त्याने मराठी शब्द अक्षरे जुळवून नीट म्हटला तरी त्याचा अर्थ त्याला ठाऊक नसू शकतो, म्हणून त्याच्याशी आधी भरपूर बोलावे लागते.

बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागांतून दसरा-दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला जातात आणि लेकरांनाही सोबत न्यावे लागते. हंगामी वसतिगृहांमुळे काही लेकरे गावातच आजी-आजोबांपाशी राहतात, पण जी फडावर जातात त्यांची पहिली-दुसरी नेमकी वाचन शिकण्याच्या महिन्यांत तुटते. त्यांना ‘ढ’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

याउलट, काही लेकरे रोज शाळेत येतात, घरी-दारी चुणचुणीतपणे बोलतात, आणि तरीही वाचताना कमालीची अडखळतात. त्यांचे डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य तपासणी पथक शाळेत येते तेव्हा शिक्षकांनी अशी लेकरे आवर्जून दाखवावीत. तिथे दोष नसेल, आणि वाचनाचा नेमका सराव नियमित देऊनही फरक पडत नसेल, तर वाचन-अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियाची, शक्यता लक्षात घ्यावी. तिचा बुद्धीशी संबंध नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार), आणि ती लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याची जबाबदारी कलम 16 ने शाळांवर टाकलेली आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सिया ओळखण्याची चाचणी मराठीतही आहे. तरीही बहुतेक पालकांच्या कानावर हा विषय पहिल्यांदा पडतो तो दहावीच्या परीक्षेतील सवलतींच्या निमित्ताने, आणि तोवर लेकराने स्वतःबद्दलचे मत बनवून टाकलेले असते. तपासणीची सोय जिल्ह्याच्या गावी असून भागत नाही. तालुका पातळीवरच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकाने तिसरीच्या वर्गापर्यंत यायला हवे, आणि शाळा व्यवस्थापन समितीने बैठकीत तशी मागणी नोंदवायला हवी.

मार्च-एप्रिलमध्ये फडावरून परतलेल्या लेकराला हजेरीत नाव घालून थेट तिसरीच्या पुस्तकासमोर बसवू नये. पहिल्याच आठवड्यात त्याचे वाचन स्वतंत्रपणे ऐकावे, ते ज्या पायरीवर आहे तिथून रोज अर्धा तास शिकवावे, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर हाच अर्धा तास वेळापत्रकात कायम ठेवावा.